विनिमय दर: कधी गुणायचं, कधी भागायचं, आणि मधले पैसे जातात कुठे?

त्रैराशिक

एका देशाच्या चलनातले पैसे दुसऱ्या देशाच्या चलनात करताना तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. त्यासाठी हा धागा काढतेय.

एक, फलकावर प्रत्येक चलनासमोर दोन आकडे असतात, खरेदी आणि विक्री. ही खरेदी कोणाची आणि विक्री कोणाची?

दोन, कुठे १.१० असा दर दिसतो, कुठे ०.९०९१. दोन्हींचा अर्थ एकच, असं सांगतात. मग गुणायचं कधी आणि भागायचं कधी?

तीन, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. १००० युरोचे डॉलर केले, दर जराही हललेला नसताना तेच डॉलर परत देऊन युरो घेतले, तरी हजार हातात येत नाहीत. दलाली शून्य, असं तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मग मधले पैसे जातात कुठे?

व्याख्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात. आकडे मांडून सांगा. धाग्यापुरता युरो-डॉलरचा मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या मधोमधचा) १.१० धरू, म्हणजे सगळ्यांची उदाहरणं एकमेकांशी जुळतील.

हिशेबनीस

चांगला धागा. पहिल्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करतो.

फलक नेहमी दुकानदाराच्या बाजूने वाचायचा. त्याची खरेदी म्हणजे तुमची विक्री. समजा फलकावर युरोसमोर लिहिलंय: खरेदी १.०७, विक्री १.१३, दोन्ही डॉलरमध्ये. तुम्ही युरो दिलात तर तो १.०७ डॉलर देणार. तुम्हाला युरो हवा असेल तर १.१३ डॉलर घेणार. कोणता आकडा आपला हे आठवेना, तर ज्यात आपलं नुकसान होतं तो आपला. हा नियम कधी चुकत नाही.

आता गुणायचं की भागायचं. दर हा नुसता आकडा नसतो, त्याला एकक असतं. १.१० म्हणजे 'डॉलर प्रति युरो'. हातात युरो असतील तर:

युरो × (डॉलर ÷ युरो) = डॉलर

वरचा युरो आणि खालचा युरो कटतात, डॉलर उरतात. म्हणून गुणा. हातात डॉलर असतील तर गुणल्यावर 'डॉलर × डॉलर ÷ युरो' असं काहीतरी भलतंच उरतं, म्हणून भागा. शाळेत किलोमीटर प्रति तास जसं सोडवायचो तसंच. एकक लिहायचा कंटाळा केला की चूक झालीच म्हणून समजा.

चवली_पावली

यात एक पडताळा जोडते. ज्या चलनाचा एक नग महाग, ते देऊन स्वस्त नगाचं चलन घेताना आकडा वाढलाच पाहिजे. उलट दिशेने कमी झाला पाहिजे. उत्तर आल्यावर दोन सेकंद थांबून एवढं बघितलं तरी गुणाकार-भागाकाराची चूक लगेच पकडता येते.

येनसारख्या चलनात आणखी एक खड्डा आहे. काही फलकांवर आणि कोष्टकांत दर १ येनचा नसून १०० येनचा असतो, आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे चुकलं तर उत्तर थेट शंभरपटीने हुकतं.

कोरा_कागद

'युरो/डॉलर १.१०' असं लिहितात त्यातल्या तिरप्या रेघेने फार गोंधळ होतो. रेघ बघून वाटतं युरो भागिले डॉलर. प्रत्यक्षात वाचायचं असं: पहिल्या चलनाचा एक नग म्हणजे दुसऱ्या चलनाचे इतके. पहिलं ते आधारचलन. 'डॉलर/येन १५०' म्हणजे एका डॉलरला १५० येन.

कोणतं चलन आधी लिहायचं हे रूढीने ठरलेलं आहे. युरो सगळ्यांच्या आधी, मग पौंड, मग ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंड डॉलर, मग अमेरिकन डॉलर, आणि बाकीची बहुतेक चलनं त्याच्यानंतर. म्हणून पौंडाचा दर 'डॉलर किती' असा सांगतात आणि येनचा दर 'एका डॉलरला येन किती' असा. बातम्यांत एका चलनाचा आकडा वाढला की ते वधारलं आणि दुसऱ्याचा आकडा वाढला की ते घसरलं, असं जे दिसतं ते या रूढीमुळे.

पैलतीर

हिशेबनीस यांनी सांगितलं त्याच्या पुढची पायरी, कारण इथे जाणकारांचाही हात चुकतो.

दर उलटा करताना खरेदी-विक्रीच्या जागा बदलतात. वरच्याच फलकावर १.०७ आणि १.१३ आहेत. हाच फलक 'युरो प्रति डॉलर' असा लिहायचा तर:

१ ÷ १.०७ = ०.९३४६
१ ÷ १.१३ = ०.८८५०

युरोचा खरेदी दर उलटा केला की तो डॉलरचा विक्री दर होतो. म्हणजे डॉलरची खरेदी ०.८८५० आणि विक्री ०.९३४६. जो मनुष्य खरेदी उलटी करून खरेदीच्याच रकान्यात लिहील, त्याच्या तक्त्यात खरेदी विक्रीपेक्षा महाग दिसेल. खरेदीचा आकडा विक्रीच्या आकड्यापेक्षा मोठा दिसला की तक्ता चुकला, बाकी काही तपासायची गरज नाही.

हिशेबनीस

पैलतीर, नेमकं. आता तिसरा प्रश्न याच आकड्यांवर सोडवतो.

१००० युरो दिले: १००० × १.०७ = १०७० डॉलर.
तेच परत: १०७० ÷ १.१३ = ९४६.९० युरो.

५३.१० युरो गेले, म्हणजे ५.३१ टक्के. दलाली खरोखरच शून्य आहे, फलकावर खोटं काही लिहिलेलं नाही. दुकानदाराची कमाई दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

मधला दर ठाऊक नसला तरी हे काढता येतं. खरेदीला विक्रीने भागा: १.०७ ÷ १.१३ = ०.९४६९. एकातून वजा केलं की जाऊन-येऊनची गळती, ०.०५३१. त्याच्या निम्मी साधारण एका बाजूची. फलकासमोर उभं राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे. दोन दुकानांची तुलना करायला यापेक्षा सोपं माप मला माहीत नाही.

उंबरठा

म्हणजे इंटरनेटवर दिसतो तो १.१० हाच खरा दर, आणि बाकी सगळी लूट. एवढं सरळ आहे, त्यात कोष्टकं कशाला?

सावकाश

उंबरठा, इथे असहमत.

इंटरनेटवर दिसतो तो मधला दर. बँका आपापसात मोठ्या रकमांचे व्यवहार करतात तिथल्या खरेदी आणि विक्रीच्या बरोबर मधोमध काढलेला आकडा. त्या आकड्याला बँकेलाही सौदा मिळत नाही. तिला मिळतो १.०९९९–१.१००१ असा, म्हणजे अंतर दोन पिपचं. (पिप म्हणजे दराचं चौथं दशांशस्थान. येनच्या जोडीत दुसरं.)

नोटांचा फलक याहून रुंद असण्याला कारणं आहेत. नोटा आणाव्या लागतात, त्यांचा विमा, मोजणी, खोट्या नोटांची जोखीम, आणि जे चलन कोणी विचारत नाही त्याचा साठा पेटीत व्याजाविना पडून राहतो. म्हणून एकाच दुकानात डॉलर-युरोचं अंतर कमी आणि क्वचित मागणीच्या चलनाचं दुप्पट-तिप्पट असतं. विमानतळावर ते आणखी रुंदावतं, कारण जागेचं भाडं जास्त आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वेळ नाही.

तेव्हा मधला दर ही मोजपट्टी. तिच्यापासून आपण किती लांब आहोत ते मोजायचं. तोच मिळाला पाहिजे असा हट्ट धरून उपयोग नाही.

उंबरठा

सावकाश, पटलं. 'लूट' हा शब्द मागे घेतो. पण अंतर टक्क्यांत लिहिणं सक्तीचं असावं, हे माझं म्हणणं कायम आहे.

मधुघट

उंबरठा, कार्डाच्या बाबतीत एका ठिकाणी तसं झालंय. परदेशात कार्ड वापरताना मशीन विचारतं, 'तुमच्या चलनात पैसे द्यायचे की इथल्या?' आपल्या चलनात भरा म्हटलं की रूपांतर तिथल्या तिथे होतं आणि दर ठरवतो त्या मशीनमागचा सेवादार. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून अशा रूपांतरावरची वाढ युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवावी लागते. ती टक्केवारी वाचली की बहुतेक जण दुसरं बटण दाबतील.

पावतीवर ते असं दिसतं. कार्ड युरोचं, बिल १०० डॉलरचं.

रक्कम: १०० डॉलर
दर: १.०५००
तुमच्या चलनात: ९५.२४ युरो

मधल्या दराने होतात ९०.९१. म्हणजे ४.७६ टक्के जास्त. तेच 'इथल्या चलनात' म्हटलं असतं तर कार्डाच्या जाळ्याचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दर लागला असता, तो मधल्या दराच्या जवळपास असतो. कार्ड देणाऱ्या बँकेने वर २ टक्के लावले तरी ९२.७३. फरक अडीच युरोचा.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त घाबरवणाऱ्या भाषेत येतो: 'रूपांतर स्वीकारा' किंवा 'रूपांतर नाकारा'. नाकारलं तर व्यवहार रद्द होईल असं वाटतं. होत नाही. पैसे मिळतात, फक्त रूपांतर तुमच्या कार्डाकडून होतं. एटीएमचं स्वतःचं शुल्क वेगळं, त्याची सूचना वेगळ्या पडद्यावर येते. दोन्ही पडदे नीट वाचा.

आणि आपल्या चलनात भरलं म्हणजे बँकेचं परदेश-व्यवहार शुल्क वाचलं, असंही नाही. काही बँका दुकान परदेशात आहे एवढ्यावरच ते लावतात. मग वाढ दोन्हीकडून बसते.

चवली_पावली

मधुघट यांच्या प्रतिसादाला +१. कार्डाबाबत अजून दोन गोष्टी. खरेदीच्या क्षणी जी रक्कम अडकवून ठेवलेली दिसते ती अंदाजाची. खात्यात पक्की नोंद एक-दोन दिवसांनी पडते, त्या दराने आकडा थोडा बदलू शकतो. आणि वस्तू परत केली तर परतावा मूळ दराने येत नाही, परताव्याच्या वेळच्या दराने येतो. डॉलर पूर्ण परत आले तरी युरो कमी-जास्त होतात. दुकानदाराशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही, त्याने घेतले तेवढेच डॉलर परत केलेले असतात.

शनिवार-रविवारी ठोक बाजार बंद असतो, शुक्रवारी न्यूयॉर्कची संध्याकाळ ते सोमवारी न्यूझीलंडची सकाळ. सोमवारी दर कुठे उघडेल याची खात्री नसल्याने काही सेवा शनिवार-रविवारी जादा टक्का लावतात. घाई नसेल तर मधल्या वारी करावं.

बिनव्याजी

थोडं अवांतर. 'येन १५० ला एक डॉलर, म्हणजे येन किती कमजोर!' असं वाक्य नेहमी कानावर येतं. नग लहान आहे म्हणून चलन कमजोर होत नाही. फ्रान्सने १९६० मध्ये १०० जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक केला. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला लिरावरची सहा शून्यं काढली, दहा लाख जुन्यांचा एक नवा. त्या रात्री कोणी श्रीमंत झालं नाही. कुवेती दिनारचा नग डॉलरपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून कुवेतची अर्थव्यवस्था अमेरिकेहून मोठी ठरत नाही. बघायचं असतं ते दर काळानुसार कुठे सरकतोय आणि त्या पैशांत तिथे काय विकत येतं.

टक्क्यांतही असाच चकवा आहे. युरो १.२५ डॉलरवरून १.०० वर आला तर युरो २० टक्क्यांनी घसरला. डॉलर मात्र ०.८० युरोवरून १.०० वर गेला, म्हणजे २५ टक्क्यांनी वधारला. एकच घटना, दोन टक्केवाऱ्या, दोन्ही बरोबर. पाया वेगळा आहे.

जुनी_वही

अवांतरात माझीही भर. फलकावरच्या या अंतराला आपल्याकडे जुना आणि चपखल शब्द आहे, वटणावळ. आणि हुंडीने पैसे एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायच्या दराला हुंडणावळ म्हणत. जुन्या मराठी अर्थशास्त्राच्या लिखाणात परदेशी चलनाच्या दराला 'हुंडणावळीचा दर' असंच म्हटलेलं सापडतं. 'विनिमय दर' पुढे रूढ झाला. 'वटणावळ किती?' या दोन शब्दांत उंबरठा यांना जे सक्तीचं करायचंय ते सगळं आलं.

कोरा_कागद

वा, जुनी_वही! शब्दांचाच विषय निघालाय तर पौंड-डॉलरच्या जोडीला बाजारात अजूनही 'केबल' म्हणतात. १८६६ मध्ये अटलांटिक महासागराखालून टिकाऊ तार पडली आणि लंडन-न्यूयॉर्कचे दर तिच्यावरून जाऊ लागले, त्यावरून.

सावकाश

पुन्हा विषयावर. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना दराइतकंच लक्ष वाटेतल्या कपातीकडे द्यायला हवं.

पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये एक-दोन मध्यस्थ बँका येतात. फॉर्मवर शुल्क कोण भरणार याचे तीन पर्याय असतात. सगळं पाठवणाऱ्याने, आपापल्या बाजूचं ज्याने त्याने, किंवा सगळं घेणाऱ्याने. दुसऱ्या पर्यायात मध्यस्थ बँक आपलं शुल्क रकमेतूनच कापते. शिक्षणाची फी किंवा बिल अशी नेमकी रक्कम पोचायची असेल तर पहिला पर्याय घ्या, नाहीतर दहा-वीस डॉलर कमी पोचतात आणि तिकडे भरणा अपुरा म्हणून नोंदला जातो.

दुसरी गोष्ट, रक्कम कोणत्या चलनात पाठवताय ते बघा. आपल्याच चलनात पाठवली तर रूपांतर घेणाऱ्याची बँक तिच्या दराने करते, आणि तो दर तुम्हाला आधी कळत नाही. तिसरी गोष्ट, घेणाऱ्याचं खातं खरोखर त्या चलनात आहे का? युरो खात्यावर डॉलर पाठवले तर दोनदा रूपांतर, दोनदा वटणावळ. (जुनी_वही, शब्द उचलला.)

पैलतीर

दोनदा रूपांतराचा मुद्दा तिसऱ्या चलनांनाही लागू आहे. जगातल्या बहुतेक जोड्या थेट विकल्या जात नाहीत, मध्ये डॉलर असतो. आंतरराष्ट्रीय सेटलमेंट बँकेच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीत रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती आणि ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता.

बँकांच्या पातळीवर आडवा दर (डॉलरमार्गे काढलेला दोन चलनांमधला दर) असा काढतात. समजा युरो/डॉलर १.१०००–१.१००२, डॉलर/येन १५०.००–१५०.१०. मग युरो/येन:

खरेदी: १.१००० × १५०.०० = १६५.००
विक्री: १.१००२ × १५०.१० = १६५.१४

खरेदीला खरेदी, विक्रीला विक्री. दोन्ही अंतरं एकमेकांवर चढतात. ठोक बाजारात हे चौदा पिप आहेत, नोटांच्या फलकावर हीच चढण काही टक्क्यांची होते. म्हणून दोन कमी चालणाऱ्या चलनांमध्ये जायचं असेल तर थेट दर आणि डॉलरमार्गे दर, दोन्ही विचारून बघा. कधी एक स्वस्त पडतो, कधी दुसरा.

दशमान

दशांश किती ठेवायचे यावर कोणी बोललं नाही. मला हा सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो.

१९९९ मध्ये युरो आला तेव्हा युरोपीय संघाने याचे नियमच केले. दर सहा सार्थ अंकांत: १ युरो = १.९५५८३ जर्मन मार्क, ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, १९३६.२७ इटालियन लिरा. उलटे दर वापरायला बंदी. कारण मांडून बघू, दहा लाख मार्कांचे युरो:

१०,००,००० ÷ १.९५५८३ = ५,११,२९१.८८
१०,००,००० × ०.५११३ = ५,११,३००.००

उलटा दर चार दशांशांत कापल्याबरोबर ८.१२ युरो हवेतून तयार झाले. म्हणून भागायचं तिथे भागाच, उलटा दर काढून गुणू नका.

फ्रँकचे मार्क करायचे तर आधी युरो, आणि तो मधला आकडा तीन दशांशांहून कमी ठिकाणी कापायचा नाही. १००० फ्रँक ÷ ६.५५९५७ = १५२.४४९ युरो, × १.९५५८३ = २९८.१६ मार्क. गोलाई अगदी शेवटी, एकदाच.

शेवटची गोलाईही चलनागणिक वेगळी. येनला आता व्यवहारात उपनाणं नाही, म्हणून शून्य दशांश. कुवेती, बहरिनी, जॉर्डनी दिनाराला तीन, एका दिनाराचे हजार फिल्स. कोष्टकात सगळ्यांना सरसकट दोन दशांश लावले की येनमध्ये नसलेले पैसे दिसतात आणि दिनारात असलेले गायब होतात. आणि मॉरिटानियाचा उगिया व मादागास्करचा आरिआरी यांचे पाचच भाग होतात, ते दशमानात बसतच नाहीत.

मधुघट

दशमान, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

उंबरठा

पण दर रोज हलतात तरी का? काही चलनांचे हलतच नाहीत.

बिनव्याजी

काहींचे बांधलेले असतात. हाँगकाँग डॉलर ऑक्टोबर १९८३ पासून अमेरिकन डॉलरला ७.८० च्या आसपास बांधलाय, २००५ पासून ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात. डेन्मार्कचा क्रोन युरोला ७.४६०३८ भोवती. बांधून ठेवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेला चलन विकत घ्यावं किंवा विकावं लागतं, व्याजदर जुळवून घ्यावे लागतात. ते परवडेनासं झालं की दोरी तुटते. ब्रिटनचा पौंड १६ सप्टेंबर १९९२ ला युरोपीय दरयंत्रणेतून (युरोपीय चलनांचे दर एकमेकांना बांधणाऱ्या व्यवस्थेतून) असाच बाहेर पडला. स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला किमान १.२० फ्रँक हा दर १५ जानेवारी २०१५ ला अचानक सोडला आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. बांधलेला दर स्थिर दिसतो तो बहुतेक दिवस. सुटतो त्या दिवशी वर्षानुवर्षांचं एकदम वसूल होतं.

१९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानंतर जवळपास सगळीच मोठी चलनं डॉलरला बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला, एका औंसाला ३५ डॉलर. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने सोनं द्यायचं थांबवलं, १९७३ पर्यंत मोठी चलनं तरंगू लागली. तेव्हापासून व्याजदर, महागाई, आयात-निर्यात आणि उद्या काय होईल याबद्दलचे अंदाज दर ठरवतात. म्हणून व्याजदर अपेक्षेप्रमाणेच वाढला तर दर कधी हलतही नाही, अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं की हलतो.

चवली_पावली

मग जिथे व्याज जास्त तिथे पैसे ठेवून वर्षाने परत आणावेत, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

बिनव्याजी

विचारतातच! आजच वर्षभरानंतरचा दर बांधून घेतला तर तो फायदा जवळजवळ उरत नाही. आजचा दर १.१०००, डॉलरवर ४ टक्के, युरोवर २ टक्के. वर्षाचा वायदा दर:

१.१००० × १.०४ ÷ १.०२ = १.१२१६

जास्त व्याजाचं चलन वायद्यात तेवढंच स्वस्त. हे भाकीत नाही, नुसता व्याजाचा हिशेब आहे. आणि वायदा न बांधता ठेवलेत तर जादा व्याज ही दराच्या जोखमीची किंमत समजा.

सरवा

घरात पडलेल्या जुन्या परदेशी नोटांबद्दल लिहा कोणीतरी.

हिशेबनीस

सरवा, आधी मालिका तपासा. इंग्लंडच्या कागदी २० आणि ५० पौंडाच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते. स्विस फ्रँकची आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ ला व्यवहारातून गेली, तीही तिथली मध्यवर्ती बँक बदलून देते. रोकड बदलणारे अशा नोटा बहुधा घेत नाहीत. नाणी जवळजवळ कोणीच घेत नाही, ती देश सोडण्याआधीच खर्चून टाकावीत. फाटक्या किंवा शाईचे डाग पडलेल्या नोटांनाही नकार मिळतो.

दशमान

वही किंवा कोष्टक ठेवणाऱ्यांसाठी: नोंदीत परदेशी रक्कम, आपल्या चलनात प्रत्यक्ष गेलेली रक्कम, तारीख आणि दर कुठून घेतला, हे चार रकाने हवेतच. दर स्वतः टाइप करू नका, तो गेलेल्या आणि आलेल्या रकमेतून भागून काढा.

संस्थेचे हिशेब असतील तर आयएएस २१ ची (परदेशी चलनाच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) रीत अशी: व्यवहार त्या दिवसाच्या दराने, आणि वर्षाअखेर येणी-देणी व बँकेतली शिल्लक अखेरच्या दिवसाच्या दराने. फरक नफा-तोट्यात. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास (तिथल्या वेळेप्रमाणे) निघतात, ते नोंदीला आणि तुलनेला चांगले. त्या दराने व्यवहार मागू नका, बँक स्वतःच सांगते की ते माहितीपुरते आहेत.

त्रैराशिक

सगळ्यांचे आभार, माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. आता तीन पर्याय मांडून बघते. ५०० युरो पाठवायचे, तिकडे डॉलर मिळायचे.

पहिला: शुल्क नाही, दर १.०७९०. ५०० × १.०७९० = ५३९.५०
दुसरा: शुल्क ५ युरो, दर १.०९५०. ४९५ × १.०९५० = ५४२.०३
तिसरा: शुल्क ३ युरो, दर १.०९८०. ४९७ × १.०९८० = ५४५.७१

म्हणजे तिसरा.

सावकाश

तिसऱ्यात शुल्क कोण भरणार?

त्रैराशिक

आपापल्या बाजूचं ज्याने त्याने. तिकडे १० डॉलर कापतील असं लिहिलंय. अरे हो, मग ५३५.७१ च पोचतात. तिसरा सगळ्यात मागे पडला, दुसरा पुढे.

पैलतीर

५०० ला दुसरा, बरोबर. पण रक्कम बदलली की उत्तर बदलतं, म्हणून कुठे बदलतं तेही काढून ठेवा. रक्कम र धरू.

पहिला आणि दुसरा: १.०७९ र = १.०९५ (र − ५). र = ३४२ युरो.
दुसरा आणि तिसरा: १.०९५ (र − ५) = १.०९८ (र − ३) − १०. र = २६०६ युरो.

३४२ पर्यंत पहिला, तिथून २६०६ पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. ठरावीक शुल्क लहान रकमेला जड जातं आणि दरातला फरक मोठ्या रकमेला.

त्रैराशिक

३००० घालून पाहिले. दुसऱ्यात ३२७९.५३, तिसऱ्यात १० वजा जाऊन ३२८०.७१. जुळलं.

दशमान

आणि २९९७ × १.०९८ मध्ये गोलाई शेवटीच केलीत. छान.